मोटार बघायला

"चोरटी! नवऱ्याच्या बोटातली अंगठी बी सोडली न्हाई!"

छबूबाईनं भर दवाखान्यात सुनेचं मनगट धरलं आणि तिची मूठ उकलली. आत चांदीची अंगठी, कानातली बाळी आणि चांदीचा करदोटा. बाकड्यांवरचे सगळे माना लांब करून बघायला लागले. नगरला डोक्याच्या डॉक्टरकडं आलेली माणसं ती, पण दुसऱ्याचा तमाशा म्हटल्यावर सगळी एकदम शहाणी झाली.

"त्यांनीच दिलं, आत्याबाई," चांगुणा म्हणाली. "सकाळी निघताना. संबाळ म्हनले."

"येडं देतंय न् शानी घेतीय!" छबूबाईचा भाऊ बोलला. हा रंगनाथमामा. लग्न यानंच जमवलेलं. पाथर्डीकडच्या दुष्काळात चांगुणाचा बाप खडी फोडत होता, तिथं जाऊन यानं छातीवर हात मारला होता, की आमच्या देवळालीच्या बागायतीत पोरगी राणी होईल, भाच्याला सुपारीचं खांड माहीत न्हाई. आता 'पोरगीच अवदसा निघाली' म्हणून गावभर सांगणाराही हाच. टोपी मात्र तीच, कडक इस्त्रीची.

लग्नाला वर्षही झालं नव्हतं. उन्हाळ्यापासून नवऱ्याला, आसारामला, उसातून हाका ऐकू यायला लागल्या. भर दुपारी सरीत उभा राहून तो कुणाशी तरी भांडायचा. पाणी बांध फोडून जायचं, त्याला पत्ता नसायचा. सासूनं निकाल लावून टाकला, सुनेनं काहीतरी खाऊ घातलं. चांगुणानं विचारायचं तरी कुणाला? घर मळ्यात, गावापासून लांब. भावकीतली बाई बोलायला आली की सासू आडवी.

आता डॉक्टरनं एवढंच म्हणायचं बाकी होतं, की दुखणं लग्नानंतरचं. मग मामा चांगुणाला परस्पर पाथर्डीच्या एस्टीत कोंबणार होता. तिची पत्र्याची पेटी त्यानं बरोबर आणलीच होती. दुसरी पोरगीही हेरून ठेवली होती. आणि चांगुणाची धाकटी बहीण? जिची थोरली नवऱ्याला येडं करून परत आली, तिच्या दारात कोण पाहुणा येतोय!

आसाराम बाकड्याच्या टोकाला बसला होता. त्याला घरातनं काढताना सांगितलं होतं, विहिरीवरची मोटार बघायला नगरला जायचंय. तेव्हापासनं बायकोला 'संबाळ' म्हणाला तेवढंच. स्टँडवर मामानं चहा पुढं केला तर त्यानं कप लोटून दिला.

"बगा की," छबूबाई शेजारच्या बायांना सांगत होती, "हिनं चहात कालवलं असंल कायतरी, म्हनून भ्यालंय लेकरू."

चहा हॉटेलातला होता. पण बायांनी माना डोलावल्या.

तेवढ्यात आसाराम उठून मुतारीकडं गेला. "भिजवतंय आता पायजमा," म्हणून मामा खिदळला.

डॉक्टरांनी आत बोलावलं. "कधीपासून आहे हे?"

"लगीन झाल्यापासनं," छबूबाई म्हणाली. "त्याआधी पोरगं लाखात एक हुतं."

"पूर्वी काही इलाज? कुठं दवाखाना?"

"गळ्याशपथ न्हाई!" छबूबाईनं गळ्याचं कातडं चिमटीत धरलं. डोळ्यांत पाणीसुद्धा आणलं. एवढं पाणी विहिरीला असतं तर मोटार खरंच घेतली असती.

शॉक द्यावे लागतील, डॉक्टर म्हणाले. पोटात काही नसेल तर पहिला आजच देऊ.

"घरचं कुनीतरी पाय धराया या," कंपाउंडर कारभारी म्हणाला. "नवा पेशंट लई उसळतो."

छबूबाईनं पदर डोळ्याला लावला. "माज्या जिवाला बघवायचं न्हाई. हिला न्या. हिचंच करनं हाय."

चांगुणा आत गेली. एक उंच टेबल, शेजारी लाकडी पेटी, पेटीतून निघालेल्या वायरी. आसारामनं चपला काढून भिंतीला लावल्या. टेबलावर चढला, सदऱ्याची वरची गुंडी सोडली आणि डोकं उशीच्या बरोबर मध्यावर टेकवलं.

"सकाळपासनं काय खाल्लंय?" कारभारीनं विचारलं.

"न्हाई. चहा बी न्हाई."

"अंगावर काय चांदी-सोनं?"

"बायकोकडं दिलंय."

"लघवीला?"

"जाऊन आलो."

कारभारी दातांत धरायचा रबराचा तुकडा घ्यायला वळला. फिरून बघतो तर आसारामनं डोळे मिटून आ वासलेला. रबर कुठं येणार, कसं बसणार, ते जबड्याला ठाऊक असल्यासारखा. कारभारीनं रबर त्याच्या दातांत ठेवलं आणि डॉक्टरांकडं बघितलं. डॉक्टरांचा हात पेटीवरच राहिला.

चांगुणानं आसारामचे धरलेले पाय सोडले. मूठ उघडून अंगठी बघितली, बाळी बघितली, करदोटा बघितला. मग दाराशी गेली.

"आत्याबाई, आत या. दाक्तरांना मगाशी सांगितलं ते परत सांगा. ह्यांच्यासमोर सांगा."

छबूबाई तावातावानं आत आली. मागं चांगुणाची पत्र्याची पेटी धरून मामा.

"हजारदा सांगीन! लग्नाआदी माज्या पोराला दवाखान्याची पायरी ठावं न्हवती." आणि तिचा हात परत गळ्याकडं गेला.

आसारामनं डोळे उघडले नाहीत. तोंडातलं रबर तेवढं बाजूला केलं.

"आये, उठल्यावर पानी दे लगीच. मागल्या येळंला बी तू मोटारच बघायला आनलं हुतंस, न् पान्याला मातुर कुनी नव्हतं."