उलटा ढग

दुपारी ढगाबाई सरांच्या खोलीत शिरली ती उघडा लॅपटॉप दोन्ही हातांत धरून. हे नाव तिला खगोलशास्त्र विभागातल्या मुलांनी दिलेलं. चार वर्षं ती एका ताऱ्याभोवतीच्या वायूच्या ढगांमागे हात धुऊन लागली होती, दुसरं काही तिला सुचतच नसे. आज मात्र तिचा चेहरा पार उतरला होता.

"सर, पेपर मागे घ्यावा लागेल. ढग उलटा चाललाय."

सरांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि खुर्ची दाखवली. ती बसली नाही.

तारा सूर्यापेक्षा थंड, पण गिरकी घेण्यात भलताच चपळ. नऊ तासांत एक फेरी. ढग त्याला चुंबकत्वानं जखडलेला, म्हणजे त्याच्याच दिशेनं फिरणार. दुर्बिणीतून तो दिसत नाही. ताऱ्याचा प्रकाश रंगांत फोडला की हायड्रोजनच्या रेषेत एक बारीक काळी खाच दिसते, तोच ढग. तो ताऱ्यासमोरून जाताना आधी आपल्याकडे येतो, मग दूर जातो, म्हणून खाच निळ्या कडेला उगवते आणि तासाभरात तांबड्या कडेला मावळते. उलट गेली, तर तारा एकीकडे फिरतोय आणि ढग दुसरीकडे. असं म्हणणाऱ्याला लोक वेड्यात काढतात.

तिचा हा शोधनिबंध एका नियतकालिकाकडे छापण्यासाठी गेला होता. परीक्षकानं आणखी एका रात्रीचं चित्र मागितलं. ते तिनं आज सकाळी नव्या प्रोग्रॅमवर काढलं, तर खाच तांबड्याकडून निळ्याकडे निघालेली. जेवणाला फाटा देऊन तिनं प्रत्येक खाच चार वेळा तपासली. चौथ्यांदाही तेच. मग तिनं संपादकांना पत्र लिहिलं. ते पाठवायला मार्गदर्शक म्हणून सरांची संमती हवी होती.

"हे कुणाला दाखवलंस?" सरांनी विचारलं.

"अजून कुणालाच नाही. आधी तुम्हाला, मग संपादकांना."

सरांनी चष्मा खाली घेतला. पडद्यावर रात्रभराचे चाळीस स्पेक्ट्रम, म्हणजे रंगांत फोडलेल्या प्रकाशाचे आलेख, एकाखाली एक रचलेले होते. त्यांनी पेन्सिलीचं टोक सगळ्यात खालच्यावर टेकवलं आणि हा पहिला का, असं विचारलं. ती हो म्हणाली. आपण नेहमी खालूनच वर रचतो, असंही तिनं सांगितलं.

"वेळ काय आहे याची?"

तिनं फाइल उघडली आणि तिचं बोट तिथंच थबकलं. तो पहाटेचा होता, रात्रीतला शेवटचा. नवा प्रोग्रॅम पहिला स्पेक्ट्रम सगळ्यात वर ठेवत होता, वहीत पहिली ओळ वर लिहावी तसा. चित्रच पालथं होतं. खाचा तिनं चार वेळा तपासल्या, पण वेळा एकदाही नाही.

तिनं खुर्चीत बसकणच मारली. आधी हसू आलं, मग डोळे भरून आले आणि मग दोन्ही एकदम. चार वर्षं वाया गेली नव्हती, एवढंच तिला कळत होतं. सरही पोटभर हसले. हसता हसता त्यांची नजर कोपऱ्यातल्या कपाटाकडे गेली.

"तीस वर्षांपूर्वी माझंही एक चित्र असंच निघालं होतं," ते म्हणाले. "तारा दुसरा, पण ढग असाच उलटा. मी ते कपाटात टाकलं आणि बाकीच्या रात्रींची चित्रं छापली. आज पहिल्यांदा कुणाला सांगतोय."

एवढं बोलून त्यांनी लांब श्वास सोडला. ढगाबाईनं ओढणीनं डोळे पुसले आणि खुर्ची टेबलाजवळ ओढली.

"आहे का ते अजून? काढा सर. आधी वेळा बघू."

सर लगबगीनं उठले आणि कपाटाची किल्ली शोधायला लागले.