परत न मिळणारं डिपॉझिट

"परत मिळणारं डिपॉझिट घेतलंत तर भाडं जास्त पडेल, काकू." ट्रॅव्हल एजन्सीवाल्या नरेंद्रने कॉम्प्युटरचा पडदा त्यांच्याकडे वळवला. "परत न मिळणारं घेतलंत तर स्वस्त. पण मग काही झालं, जाणं रद्द झालं, तरी पैसे गेले ते गेले."

"परत न मिळनारं कर," हौसाबाई म्हणाल्या.

मनालीने चमकून सासूकडे पाहिलं. दिलेला पैसा परत आणण्यात अख्ख्या कोन गावात हौसाबाईंचा हात धरणारं कुणी नव्हतं. खारी मऊ लागली की फोडलेला पुडा तसाच नेऊन दुकानदाराच्या पुढ्यात ठेवायच्या. मनालीच्याच लग्नात दोन पंखे बंद निघाले, तर मंडपवाल्याकडून त्यांनी हळदीच्या अंगानेच पंख्यांचं भाडं वळतं करून घेतलं होतं. माहेरची माणसं तोंडात बोट घालून बघत राहिली होती.

अशी बाई खात्री असल्याशिवाय पैसा अडकवणार नाही. आणि खात्री कसली, हे मनालीला थोड्याच वेळात कळलं.

जहाज फेब्रुवारीतलं होतं. मुंबईहून लक्षद्वीप, तिघांनी जायचं: हौसाबाई, मुलगा दीपेश आणि मनाली. तारीख हौसाबाईंनी आधीच एकट्या येऊन ठरवली होती. गोदामाचं भाडं त्यांच्या हातात येई, तेव्हा विचारणार कोण?

"सही करण्याआधी एक नियम वाचून दाखवावा लागतो," नरेंद्र अडखळत म्हणाला. त्याने हौसाबाईंकडे पाहिलं.

"वाच की."

"सहा महिन्यांच्या वर दिवस गेलेल्या बाईला जहाजावर घेत नाहीत. त्या कारणानं रद्द केलं तरी हे पैसे परत नाहीत."

बाहेर कल्याण नाक्यावर ट्रक खोळंबून हॉर्न वाजवत होते.

"आमच्यात तसलं काय न्हाय," हौसाबाई म्हणाल्या आणि पेन उचललं.

मनालीच्या पोटात टेस्ट ट्यूबचा गर्भ दोन वेळा ठेवून झाला होता, दोन्ही वेळा टिकला नव्हता. दुसऱ्या वेळेनंतर हौसाबाई म्हणाल्या होत्या, "पुरे आता. पोरीच्या अंगाची चाळन झाली." त्यानंतर त्या घरात हा विषय निघाला नाही. येत्या सोमवारी तिसरी खेप होती आणि ती फक्त मनाली आणि दीपेशला ठाऊक होती. इंजेक्शनं तिने फ्रिजमध्ये सुक्या बोंबलाच्या डब्यात दडवली होती. श्रावणात त्या डब्याला घरात कुणी हात लावत नाही.

घरी आल्यावर तिने दीपेशला गाठलं.

"आईचे पैसे आहेत. जाऊ दे ना," तो म्हणाला.

"पैशाचं बोलत नाही मी. त्यांना खात्री आहे, दीपेश. फेब्रुवारीत मी अशीच रिकामी असणार, याची."

"मग सोमवारचं सांगून टाकू या तिला?"

"नको. ऑफिसात काय म्हणाल्या माहितीये? 'आमच्यात तसलं काय न्हाय.'"

त्या रात्री तिने हौसाबाईंना जेवायला वाढलं, पण मान वर केली नाही. तिला सासूचा रागच आला होता. त्यांनी दवाखान्याची वाट सोडली तेव्हा वाटलं होतं, थकल्या असतील. आता वाटलं, ह्यांनी मला टाकूनच दिलंय. हौसाबाई मात्र निवांत जेवल्या आणि आणखी वरण मागितलं.

शनिवारी मनाली शिवणाचे साठवलेले पैसे घेऊन एकटीच नाक्यावर गेली. नरेंद्र टेमघरहून नुकताच येऊन शटर वर करत होता. ती खुर्चीत न बसताच म्हणाली, "आमचं तिघांचं परत मिळणारं करून द्या. वरचे पैसे मी भरते."

नरेंद्रने तिला आधी पाणी दिलं.

"नाही करता येणार, वहिनी."

"मुदत गेली का?"

"मुदत आहे अजून. पण काकूंनी बजावलंय. कुणीही आलं, अगदी त्या स्वतः आल्या, तरी बदलायचं नाही."

मनाली खुर्चीत बसली. परक्या माणसासमोर रडायचं नाही म्हणून ओढणीचं टोक तिने मुठीत घट्ट धरलं, तरी आवाज फाटलाच. "सोमवारी दवाखान्यात जायचंय मला. निदान थोडी तरी आशा ठेवायची होती त्यांनी. एवढंही नाही जमलं?"

नरेंद्रने टेबलावरचे कागद उगाच सारखे केले.

"काकूंनी सांगू नको म्हटलं होतं," तो शेवटी म्हणाला. "त्या पहिल्यांदा एकट्या आल्या, तेव्हा मी त्यांना नोव्हेंबरचं जहाज दाखवलं. खूप स्वस्त होतं. त्यांना नको होतं."

"का?"

"मला विचारलं, 'सुनेच्या सुया बोंबलाच्या डब्यात दिसल्या मला. श्रावनात दिवस राह्यले तर बाईला चढू देनार न्हायत, असं जहाज कंचं?' मी हिशेब करून फेब्रुवारीचं सांगितलं. म्हटलं, पण काकू, तसं झालं तर तुमचे सगळे पैसे बुडतील."

"मग?"

"म्हणाल्या, 'बुडवाचेच हायत. एकवीरा आईला तसा नवस बोललीय मी.'"