दोन मोठे, दोन लहान

बाळाला खांद्यावर थोपटत, येरझारा घालत मृण्मयी रिसॉर्टवाल्याशी फोनवर बोलत होती. पाळणा मिळेल का, तळ्याला कुंपण आहे का. एक शंका फिटली की दुसरी डोकं वर काढायची. पलंगावरची बॅग दुपटी-झबल्यांनी कधीच भरली होती, तरी काहीतरी राहतंय ही रुखरुख जात नव्हती. त्यात चार वर्षांची शाल्मली ओढणी ओढत होती.

“थांब गं. मोठी झालीस ना आता?”

बाळ आल्यापासून मोठीनं आपल्या हातानं जेवायचं, एकटीनं झोपायचं, रडायचं नाही.

“किती जण, मॅडम?” पलीकडून विचारणा झाली.

“दोन मोठे, दोन लहान.”

ओढणी सैल पडली.

“आई, एक लहान बाळ. दुसरं कोण?”

“तू.”

शाल्मलीनं दोन्ही हात वर केले. “मग मलापण घे.”