पतंगांना आवतण

नवसाबाईनं आपल्या भातातल्या सापळ्याचं टोपण उचललं, आतली रबराची गोळी काढली आणि पदराच्या टोकाला बांधली. चारही सापळे तिनं असेच रिकामे केले. मग वर पाहिलं. वरच्या खाचरात धोंडीरामचं भात गुडघ्याला लागलं होतं, हिरवंगार, माजल्यासारखं. नुसतं पाहूनच तिच्या अंगाची लाही झाली.

सापळे कृषी सहायक संध्या मॅडमनी वाटले होते. "खोडकिड्याचा पतंग भातावर अंडी घालतो. अळी खोडात शिरून आतून पोखरते, आणि लोंब्या पांढऱ्या, पोकळ निघतात," त्या म्हणाल्या होत्या. "या गोळीला मादी पतंगाचा वास आहे. नर लांबून धावत येतो आणि सापळ्यात अडकतो."

लांबून धावत येतो, एवढंच नवसाबाईनं ऐकलं. पुढचं ऐकायला डोकं ठिकाणावर होतं कुठे? सापळा नसला नि नुसती गोळी असली, तर? सगळ्या शिवारातले पतंग जमतील, आणि अडकणार एकही नाही.

हा डूख वर्षाचा होता. गेल्या साली धोंडीरामच्या भाताला सुरळीतली अळी लागली. त्यानं पाण्यात रॉकेल टाकलं, भातावरून दोर ओढला आणि अळ्या पाण्यात पाडल्या. इथवर ठीक, सगळेच असं करतात. पण ते पाणी ओढ्याला काढायचं सोडून त्यानं खालचा बांध फोडला आणि सगळी घाण नवसाबाईच्या खाचरात सोडली. आठ दिवसांत तिच्या भाताची पानं पांढरी पडली.

ती जाब विचारायला गेली, तर हा तंबाखू मळत बसलेला. "पाणी खालीच जानार ना बाई," तो म्हणाला. "मी काय मुद्दाम सोडलं व्हय?"

कणगी रिकामी राहिली. दिवाळी झाल्यावर नवसाबाईला जन्मात पहिल्यांदा दिंडोरीकडे द्राक्षबागेत कामाला जावं लागलं. म्हातारी आई घरी एकटी. पौषात ती गेली, तेव्हा तोंडात पाणी घालायलाही कुणी नव्हतं. निरोप पोचला दुसऱ्या दिवशी. असलं काही माणूस विसरतो म्हणता? नवसाबाई तरी विसरणाऱ्यातली नव्हती.

गोळ्या जमवायला फार खटपट पडली नाही. "गोळीनं कुठं अळी मरती का?" शेजारची आशा हसली आणि आपल्या सगळ्या देऊन मोकळी झाली. निम्म्या बायांनी सापळ्याच्या पिशव्यांत वालाचं बी भरून ठेवलं होतं. पन्नासेक गोळ्या झाल्या.

शनिवारी धोंडीराम घोटीच्या बाजाराला गेला. नवसाबाई गवताचा भारा आणायला निघाल्यासारखी साळसूदपणे वर चढली. चार-चार पावलांवर कारवीची काडी रोवायची, काडीला गोळी बांधायची. पाय चिखलात रुतत होते, जळवा लागत होत्या. तिला त्याचं काही नव्हतं.

"आये, बघ आता," एवढंच ती पुटपुटत होती.

त्या संध्याकाळपासून वरच्या खाचरावर पतंग भिरभिरू लागले. नवसाबाई ओट्यावर बसून पाहायची आणि दोन घास जास्त जेवायची. धोंडीराम वाटेत भेटला की गोड आवाजात विचारायची, "कसं हाय भात?"

तो मान खाली घालून पुढे निघायचा. धसका बसलाय मेल्याला, तिनं ओळखलं.

दसऱ्याच्या सुमारास लोंब्या बाहेर पडल्या. नवसाबाईच्या खाचरात चारांत एक पांढरी. वाईट वाटलं, नाही असं नाही. वरच्या लोंब्या खालून बांधाआड दिसत नव्हत्या. पण आपलं हे, तर त्याचं काय झालं असेल! तेवढ्यावर तिनं मनाची समजूत घातली.

एका सकाळी वरच्या बांधावर माणसं जमली. संध्या मॅडमही आलेल्या दिसल्या. नवसाबाई हातातलं काम टाकून निघाली. धोंडीरामचं रडकं तोंड तिला जवळून पाहायचं होतं.

ती वर पोचली आणि जागीच थबकली. सगळं खाचर भरल्या लोंब्यांनी वाकलं होतं. पांढरी लोंबी औषधालाही नव्हती.

"आख्ख्या शिवारात एवढंच भात वाचलंय," मॅडम लोकांना सांगत होत्या. "इतक्या गोळ्या, त्याही सापळ्याशिवाय! नराला जिकडेतिकडे मादीचा वास, आणि खरी मादी काही सापडत नाही. मग अंडी फळणार कशी? अळी होणार कुठून? धोंडीराम, कुणी शिकवलं हे तुम्हाला?"

धोंडीरामनं गर्दीत नवसाबाईला पाहिलं. डोक्यावरची टोपी काढली, पुढे आला आणि सगळ्यांदेखत तिच्या पायांवर डोकं ठेवलं. ती मागे सरकू पाहत होती, पण त्यानं पाय धरून ठेवले.

"गेल्या साली अळीचं पाणी मी मुद्दामच सोडलं व्हतं हिच्या खाचरात," तो रडत म्हणाला. "त्या शनवारी बाजारातनं लवकर आलो, तवा हिला गोळ्या बांधताना पाहिलं. खाली जाऊन बघतो तर काय, सवताचे सापळे रिकामे करून हिनं माझं भात राखलं."