विशेषणं काढणाऱ्या ताई

'जागतिक दर्जाचे' परत आलं होतं. नीलिमाताईंनी चष्मा पुसला, "कुत्र्याचं शेपूट," म्हणाल्या आणि ते दोन शब्द काढून टाकले. राहिलं ते एवढंच: 'विश्वपथ आंतरराष्ट्रीय विद्यापीठ हे हैदराबादजवळचे खासगी विद्यापीठ आहे.' हैदराबादजवळ आहे, खरं. खासगी आहे, तेही खरं. बाकीचं ज्याचं त्याने जाऊन बघावं.

ताई म्हणजे इंटरनेटवरच्या एका मराठी ज्ञानकोशाच्या जुन्या संपादक. त्या कोशात कोणीही लिहू शकतं, म्हणून तर कोणी वाटेल ते लिहितं, आणि मग निस्तरायला ताईंसारखी बिनपगारी माणसं लागतात. ताईंचा नियम एकच. माहिती ठेवायची, कौतुक काढायचं. स्वतःच्या आजोळच्या गावाच्या लेखातून त्यांनी 'निसर्गरम्य' काढलं होतं, तिथे विद्यापीठाची काय कथा.

कौतुक घालणारा होता रितेश, विद्यापीठाच्या प्रसिद्धी विभागातला. नांदेड-लातूरकडची पोरं यावीत म्हणून साहेबांनी त्याला मराठी लेखावर बसवलेला. तो रोज दुपारी दोन शब्द घालायचा, संध्याकाळी ताई काढायच्या, आणि लेखाच्या चर्चापानावर दोघांची जुंपायची.

'ताई, साहेब लई परेशान करायलेत. "नामांकित" तरी राहू द्या.'

'कोणी नाव घेतलं? पुरावा द्या.'

'पुरावा कुठून आणू? "सुंदर" चालंल का? झाडं खरंच लई हायेत.'

'झाडं किती ते लिहा. सुंदर आहेत की नाही ते वाचणारा ठरवेल.'

मध्येच तो विचारायचा, आज जेवायला काय केलं. ताई लिहायच्या, चर्चापान गप्पांसाठी नसतं. आणि त्याच्याच खाली लिहायच्या, शेपूची भाजी.

आता खरं सांगायचं तर हैदराबादेत, नल्लकुंट्यातल्या घरात ताई एकट्या. यजमान श्रीकांतराव गेले. हळदीकुंकवाला येणाऱ्या मराठी बायका एकेक करत मुलांकडे पुण्याला निघून गेल्या. खालच्या मजल्यावर तेलुगू, भाजीवाल्याशी दखनी, बँकेत इंग्रजी. सगळ्यांशी ताईंचं छान जमतं, पण दिवसच्या दिवस मराठी कानावर पडत नाही. फार झालं की त्या कुकरशी बोलतात. कुकर शिट्टी देतो, वाद घालत नाही. म्हणून संध्याकाळचा चहा घेऊन त्या संगणकापुढे बसायच्या, आणि 'जागतिक दर्जाचे' दिसलं की त्यांना बरं वाटायचं. फार बरं वाटायचं. हे मात्र त्यांनी कुठल्या चर्चापानावर लिहिलं नव्हतं.

शेवटी पुण्याहून हर्षवर्धनचा फोन आला. हा कोशाचा प्रचालक, कोणाचं खातं बंद करायचं ते याच्या हातात.

"ताई, त्या रितेशला किती वेळा समज दिली. जाहिरात थांबत नाही. खातं बंद करावं म्हणतोय. पण लेख तुम्ही सांभाळता, तुमचं मत हवं."

राहू दे बिचारा, असं ताईंना म्हणता आलं असतं. पण ज्याच्याशी आपला जिव्हाळा, त्याची बाजू घ्यायची नाही, हे त्यांनीच नव्या लोकांना शिकवलेलं. आणि जिव्हाळा होता, हे त्यांना आत्ता, फोन कानाला लावलेला असताना कळलं.

"बंद कर," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी लेख जसाच्या तसा होता. तिसऱ्या दिवशीही. हवा होता तसा, अगदी तटस्थ. ताईंनी तो वरपासून खालपर्यंत वाचला. काढण्यासारखं काहीच नव्हतं. चहा निवून गेला. त्यांनी शेपू केली आणि कोणालाच सांगितलं नाही. घर खायला उठलं होतं.

मग हर्षवर्धनचा पुन्हा फोन आला.

"ताई, गंमत ऐका. तो रितेश खातं उघडा म्हणून मागे लागलाय. म्हणतो, विद्यापीठाची नोकरी दिवाळीतच सोडली, आता तुमच्या हैदराबादेतच, आबिड्सला चपलांच्या दुकानात आहे. अहो, आता उन्हाळा लागला. मग इतके महिने कोणासाठी लिहीत होतास, मी विचारलं."

"काय म्हणाला?"

"घरात बायको तेलुगू, पोरं इंग्रजी. ताई रागावतात तेवढीच मराठी, म्हणतो. वेडाच आहे. मी सरळ नाही म्हटलं."

"वेडाच," ताई म्हणाल्या आणि फोन ठेवला.

डोळे भरून आले, ते त्यांनी पुसले नाहीत. खातं बंद झालेल्याला लेखात लिहिता येत नाही, पण वाचायला आणि स्वतःच्या पानावर उत्तर द्यायला कोणी अडवत नाही. ताईंनी लेख उघडला. इतक्या वर्षांत ज्या बोटांनी कोशात एक विशेषण घातलं नव्हतं, त्याच बोटांनी 'खासगी'च्या आधी सावकाश लिहिलं, 'जागतिक दर्जाचे'. खाली बदलाचं कारण द्यायची चौकट असते, ते कारण कोणालाही वाचता येतं. ती त्यांनी आयुष्यात कधी रिकामी सोडली नव्हती. तिथे त्यांनी लिहिलं:

'आज मेथी केलीय. आता तुमची पाळी. रागवा.'