फरशीवरचे ओरखडे

माझा नवरा संग्रहालयात कामाला आहे. कोट्यवधी वर्षांपूर्वी घोड्याच्या नालेसारखा दिसणारा एक खेकडा चिखलातून चालत गेला. दगडात उमटलेल्या त्याच्या पायांच्या ठशांवर याचा भारी जीव. "बघ, इथे शेपूट ओढत आला, इथे थबकला, इथून माघारी वळला," असं फोटो दाखवून जेवताना माझं डोकं खातो.

आणि घरात? सासऱ्यांच्या वॉकरने नव्या फरशीवर ओरखडे पडले म्हणून आज सकाळपासून नुसती आदळआपट.

"बाबा, ओढत कशाला नेता तो? उचलून पुढे ठेवा ना! किती वेळा सांगायचं?"

"अरे, बाथरूमलाच तर जातो मी," सासरे पुटपुटले. "दुसरीकडे कुठे जाणार?"

माझी सटकली. "खेकड्याचं सगळं वाचता येतं ना तुला? मग हेही वाच की एकदा!"

तो तणतणत सासऱ्यांच्या खोलीच्या दारात उकिडवा बसला, ओरखड्यांवरून बोट फिरवत पुढे पुढे सरकत गेला.



बाथरूमकडे दोन-चारच ओरखडे होते. बाकीचे सगळे आमच्या बंद दारापर्यंत येऊन माघारी वळले होते.