अश्विनच्या नावावर

"अश्विन इथंच राहत होता ना?" हवालदाराने अंगणातूनच विचारलं.

ओट्यावर दात घासत बसलेल्या पोराने चूळ भरली. "राहतो की. मीच अश्विन."

हवालदार टोपी काढून ओट्याच्या कडेला टेकला. "पाणी दे रे जरा."

आदल्या दिवशी महाडच्या एमआयडीसीत एका केमिकल कारखान्यात गॅस गळला होता. एक कामगार गेला. गेटपासवर नाव अश्विनचं, पत्ता उमरठचा. अश्विनने त्या कारखान्यात कधी पाऊलही ठेवलं नव्हतं. गेल्या वर्षी महाडमधल्या एका एजन्सीत तो कामासाठी गेला होता, तेवढंच. तिथल्या प्रवीणशेठने आधार कार्ड ठेवून घेतलं आणि "फोन करतो" म्हणाला. फोन आला नाही. कार्डही परत मिळालं नाही.

आतून सगळं ऐकत असलेली आई बाहेर आली. हवालदारासमोरच तिने लेकाच्या तोंडावरून हात फिरवला आणि हात तसाच गालावर ठेवून उभी राहिली.

हवालदार त्याला गाडीवर बसवून महाडला घेऊन गेला. सरकारी दवाखान्याच्या मागच्या खोलीत चादर बाजूला केली. नुकतं मिसरूड फुटलेला पोरगा होता. डोळे नीट मिटलेले नव्हते. पायाच्या अंगठ्याला चिठ्ठी बांधलेली होती आणि तिच्यावर अश्विनचं नाव होतं. अश्विनने ते वाचलं. पुन्हा वाचलं.

"ओळखतोस?"

"नाय."

हवालदार जबाबाचे कागद आणायला गेला. बाहेर प्रवीणशेठ वाटच बघत होता. त्याने अश्विनला जिन्याखाली घेतलं.

"पोरगं अठराचं नव्हतं. कंपनीला माणूस तातडीने हवा होता आणि तुझं कार्ड पडून होतं. झालं ते झालं."

"नाव काय त्याचं?"

"मला काय ठाऊक? गावोगावची पोरं आणणाऱ्या शिरप्यानं आणून सोडलेला. कामावर सगळे अश्विनच म्हणायचे." प्रवीणशेठने आवाज खाली आणला. "तू एवढंच सांग, कार्ड हरवलं होतं. त्याला सापडलं, त्यानं वापरलं. पुढच्या महिन्यात तुला लावतो. या वेळी नक्की."

"आणि त्याला कोण नेणार?"

"बेवारस जाईल. तुला काय करायचंय?"

अश्विन वर्षभर घरी बसून होता. त्याने मान डोलावली.

इतक्यात कारखान्याचा वॉचमन जिन्यापाशी आला. कामगारांचे मोबाइल गेटवर ठेवून घेतात, त्यातला एक त्याच्या हातात होता. "अश्विनचा फोन कुणाकडे देऊ?"

अश्विनने नकळत हात पुढे केला. फोन हातात आला आणि वाजायला लागला. वर 'आय' असं दिसत होतं. त्याने उचलला.

"कालपासून किती फोन केले रे. उचलत का नायस?"

"मी... मी अश्विन बोलतोय."

पलीकडचा आवाज एकदम मोकळा झाला. "अश्विन? उमरठचा? अरे बाबा, माझा सयाजी रोज तुझं नाव काढतो. म्हणतो, आये, एका पोरानं आपलं नाव मला दिलं म्हणून काम लागलं. कोण देतं रे असं कुणाला? एकदा शिवथरला ये. जेवून जा."

प्रवीणशेठ हाताने खुणा करत होता, बंद कर.

"त्याला दे ना जरा," ती म्हणाली.

"थांब मावशी."

चालू फोन छातीशी धरून अश्विन आत हवालदाराकडे गेला. हवालदाराने कागद पुढे ओढला. "हां, बोल. शेठ म्हणतात कार्ड हरवलं होतं. कधी हरवलं?"

"हरवलं नव्हतं, साहेब. प्रवीणशेठनं ठेवून घेतलं होतं." त्याचा आवाज त्यालाच परका वाटला. "मयताचं नाव सयाजी. गाव शिवथर."

मागे दारात प्रवीणशेठ काहीतरी बोलायला लागला. हवालदाराने त्याला हातानेच थांबवलं आणि लिहायला घेतलं.

अश्विनने फोन कानाला लावला. ती थांबलेलीच होती.

"आला का रे?"